हेड कोच सूनबाईंची हाक

आदिलाबाद,
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,

केशवचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. थंडी बरी पडली आहे, मार्केट यार्डाचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून गेला आहे आणि त्यामुळे आपल्या दुकानात ताडपत्री आणि सुतळीला गिऱ्हाईक चांगलं आहे. वैभव दुकान नीट सांभाळतो. माझे गुडघे माझ्या वयाला शोभतील असे वागतात. तुझी शुगर कशी आहे ते कळव, आणि खरं कळव.

फोन सोडून पत्र का लिहितो, ते तुला माहीत आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्राला मधेच तोडता येत नाही. तुझा नातू प्रज्वल उद्याच्या बसने मुधोळला निघाला आहे, त्याच्या हाती देतो. चष्मा लावून स्वतः वाच. त्याला वाचायला लावू नकोस, तो स्वतःला अडचणीचं असेल तेवढं गाळतो.

तू त्याच्याकडून निरोप पाठवलास, "केशवले म्हनावं, मी हे काय ऐकून राह्यली?" त्याचं उत्तर देतोच. पण आधी आनंदाची बातमी ऐक. आपण जिंकलो! तुकडे होण्याआधीच्या जुन्या जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांत आपल्या आदिलाबादच्या कॉलेजचा फुटबॉल संघ पहिला आला. आणि हरवलं कोणाला, तर बेल्लमपल्लीला! खाणीवाल्यांची पोरं ती, एकेकाची मांडी बघावी. त्यांच्यापुढे आपली पोरं म्हणजे ज्वारीची धाटं. शनिवारी शेवटची शिटी वाजली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, तो अजून भांड्यातच आहे.

तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही. मलाही कळत नव्हतं. पण सूनबाई कॉलेजात पीडी म्हणून लागली, म्हणजे पोरांना खेळ शिकवणारी मास्तरीण, आणि मला या वयात हा नाद लागला. कॉलेजने रुपाच्या नावामागे 'हेड कोच' अशी पाटी लावली. हेड म्हणजे बाकीचे कोच तिच्या हाताखाली असतील, असं मला वाटलं होतं. हाताखाली एक वॉचमन आहे. तो गोलाची जाळी बांधतो. सुतळी आपल्या दुकानची.

मैदानावर उभी असली की ती घरातली रुपा नसतेच. टोपी डोळ्यांवर, शिटी दातांत, हात मागे बांधलेले. पोरानं चूक केली की दुसरे कोच शिव्या देतात. ही राग आला की एकदम अदबीनं बोलायला लागते. "जरा पाय उचलता का तुमी? लय उपकार होतीन." तिनं कोणाला 'तुमी' म्हटलं की तो पोरगा जीव तोडून धावतो. रेफ्रीशी ती कधी भांडत नाही. त्यानं चुकीचा निकाल दिला तर त्याच्याकडे नुसती बघते, आणि मध्यंतरात पाण्याची बाटली नेऊन देते, "साहेब, तुमाले ऊन लागलं असंन" म्हणून. भगवानराव म्हणतो की त्यापेक्षा चप्पल मारलेली बरी.

भगवानराव म्हणजे आपल्या शेजारचा किराणावाला. मॅचला तो माझ्या बाजूला बसतो. फुटबॉल त्याला माझ्याइतकाच कळतो, फक्त तो कबूल करत नाही. माझ्यादेखत माझ्या सुनेला नावं ठेवायची चोरी, म्हणून तिचा डाव फसला की त्याला खोकला येतो. गेल्या वर्षी त्याचा खोकला इतका वाढला की त्याच्या बायकोनं त्याला काढा करून पाजला.

मॅचच्या आदल्या दिवशी रुपा स्वयंपाकघरात परात मांडून बसते. एका बाजूला फुटाणे, ते आपण. दुसऱ्या बाजूला शेंगदाणे, ते समोरचे. बोटानं एकेक सरकवत ती डाव आखते आणि वैभव समोर बसून काही कळत नसताना मान हलवतो. एकदा बोलता बोलता मी एक फुटाणा उचलून तोंडात टाकला. वैभव म्हणाला, "बाबा, तुमी आपला सेंटर फॉरवर्ड खाल्ला." दुसऱ्या दिवशी आपला एकही गोल झाला नाही. घरी आल्यावर दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

तसाही मला स्वतःचा संशय येऊ लागला होता. मी ज्या मॅचला गेलो ती आपण हरायचो. मी गेलो नाही की पोरं गुलाल उधळत यायची. पुन्हा गेलो की पुन्हा हार. मी पांढऱ्या पायाचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. तू हसशील, पण मी एकदा पाय नीट धुऊनही गेलो. तरी हरलो.

शेवटी भगवानरावनंच सांगितलं. "अरे बावा, पायाचं काई नाही. तू समोर बसला का तिचा आवाजच निंगत नाही. सासरा समोर असताना कोनती सून वरडन?" मग मी नीट लक्ष दिलं, तर खरंच. मी दिसलो की पदर घ्यायला तिचा हात डोक्याकडे जातो. पदर नसतो, म्हणून ती टोपी खाली ओढते. आणि जो आवाज एरवी यार्डापर्यंत जातो, तो चहात साखर किती असं विचारल्यासारखा होतो. पोरांना काही ऐकू जात नाही, ती सैरावैरा पळतात आणि आपण हरतो.

म्हणजे संघाचा सगळ्यात मोठा चाहता मी, आणि संघाला बुडवणाराही मीच. तेव्हापासून मी चोरून मॅच बघतो. उसाच्या रसाच्या गाड्यामागे बसायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा. रसवाल्याला आधी वाटलं की मला ताप आला आहे.

यंदा तिनं आणखी एक नवीन सुरू केलं. पोरांना नावानं हाक मारत नाही, गावानं मारते. "नार्नूर, वर जाय! मुधोळ, तुहा मानूस सुटला! बेल्लमपल्ली, निंग बाहेर!" मुधोळ म्हणजे आपला प्रज्वल. ऐकणाऱ्याला वाटावं, बसस्टँडवर गाड्या सुटत आहेत. दुसऱ्या कॉलेजांच्या लोकांना हा काही गुप्त डाव वाटला. एका कोचनं तर स्वतःच्याही पोरांना गावाच्या नावानं हाका मारून पाहिल्या. त्याची निम्मी पोरं एकाच गावची निघाली आणि हाक मारली की सगळी एकदम धावायची.

खरं कारण मला ठाऊक होतं. ते सांगायचं म्हणजे तू जे विचारलंस त्याच्याजवळ यावं लागतं. चहा घेऊन येतो.

घेतला. ऐक. यंदा गोलकीपर नवीन आला. मूळ बेल्लमपल्लीचा, तेलुगू घरचा, बाप खाणीत आहे. इथे होस्टेलला राहून शिकतो. पोरगा उंच, गुणी, उडी मारली तर आडव्या दांडीला डोकं लागेल. त्याचं नाव केशव.

आता तुझी अट आठव. रुपा नोकरीला लागली तेव्हा तू आली होतीस. ओसरीवर बसून तू तिला म्हणालीस, "पँट घाल, टोपी घाल, पोट्ट्यायच्या मागं शिट्या फुक, मी काई म्हननार नाही. पन आपल्या घरची सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. एवढं एक पाळ." तिनं तुझ्या पायांवर हात ठेवून शब्द दिला. केशव नावाचा गोलकीपर येईल, हे त्या दिवशी तुलाही ठाऊक नव्हतं आणि तिलाही नाही. एकट्या त्यालाच गावानं हाक मारली तर त्याला परकं वाटेल, म्हणून तिनं सगळ्या संघालाच गावं वाटून दिली. हे तिनं मला कधी सांगितलं नाही. सांगणार कसं, सांगायचं तर नाव घ्यावं लागतं.

तर शनिवारी फायनल. बेल्लमपल्लीहून बसगाड्या भरभरून माणसं आली. मी म्हटलं, रुपा सगळीकडे बघेल पण त्या लोकांकडे बघणार नाही. म्हणून जाऊन त्यांच्या मधोमध बसलो. टॉवेल डोक्यावर होताच. एका पोरानं "ताता, जेंडा पट्टुको", म्हणजे आजोबा, झेंडा धर, असं म्हणत माझ्या हातात त्यांचा झेंडा दिला. तोही धरला. काय करतो? लांबून भगवानरावनं मला पाहिलं आणि त्याला जो खोकला आला तो त्या दिवशी खरा होता.

ते सगळे एका सुरात ओरडत होते, "बेल्लमपल्ली! बेल्लमपल्ली!" आता विचार कर, आपल्या गोलकीपरनं पुढे यावं म्हणून रुपाही तेच नाव ओरडते आहे. त्या गदारोळात तिची हाक त्या पोरापर्यंत पोचेना. पहिला गोल तसाच बसला. बॉल त्याच्यापुढे पडलेला, रुपा घसा फाडते आहे, आणि तो दांडीखाली उभा. माझ्या आजूबाजूचे नाचायला लागले. मलाही झेंडा हलवावा लागला, अक्का. आपल्याच सुनेवर गोल झाला म्हणून मी झेंडा हलवला.

मग नार्नूरच्या पोरानं तो फेडला, आणि मध्यंतरानंतर आणखी एक मारला. मी टॉवेलाचं टोक तोंडात धरून बसलो. शेवट जवळ आला होता. तेवढ्यात त्यांनी मागून लांब बॉल मारला. तो आपल्या सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून गेला आणि त्यांचा एक दांडगा गडी एकटाच त्याच्यामागे सुटला. मधे फक्त गोलकीपर. तो पुढे आला तर बॉल त्याचा, थांबला तर गोल. बरोबरी झाली असती तर पेनल्टी, आणि पेनल्टीत त्यांना कोणी हरवत नाही. रुपा ओरडली, "बेल्लमपल्ली!" माझ्याभोवतीचे हजार गळे ओरडले, "बेल्लमपल्ली!" पोरगा जागचा हलेना. ती पुन्हा ओरडली. तो तिच्याकडे बघेसुद्धा ना.

मग तिनं शिटी गळ्यातून मागे टाकली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अख्ख्या मैदानावरून आवाज आला, "केशवऽऽऽ! निंग बाहेर!"

झालं. हेच तू ऐकलंस. प्रज्वलनं खोटं सांगितलेलं नाही.

काय हाक होती! तो पोरगा दचकून असा झेपावला की बॉल त्या दांडग्याच्या पायातून उचलून छातीशी घेऊनच पडला. आपण तिथेच जिंकलो. पण प्रज्वलनं तुला आणखी एक सांगितलेलं नसेल, कारण त्याला मीच दम दिला होता. तिनं हाक मारली आणि मी त्या बेल्लमपल्लीवाल्यांच्या मधे, झेंडा हातात घेऊन, ताडकन उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "ओ!"

ती कोणाला बोलावते आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. पण शरीर ऐकतं का? लहानपणी तू तळ्याच्या पाळीवरून अशीच हाक मारायचीस आणि मी पोहता पोहता ओ द्यायचो. आई गेल्यावर मला नुसतं केशव म्हणणारी तू एकटीच राहिलीस. बाकी सगळ्यांचा मी केशवराव, नाहीतर बाबा, नाहीतर सेठ. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. राग नावालाही आला नाही.

पण टॉवेल पडला होता. रुपानं मला पाहिलं. तिनं टोपी पार नाकापर्यंत ओढली आणि शेवटची शिटी होईपर्यंत तशीच उभी राहिली. पोरांनी ढोल वाजवले, गुलाल उधळला, तिला शोधत सगळं मैदान पालथं घातलं. ती मागच्या दारानं घरी येऊन पोळ्या लाटत बसली होती.

दुसऱ्या दिवशी वैभवकडून कळलं की ती शिटी परत करणार आहे. प्रिन्सिपलसाहेब हैदराबादला गेले आहेत, सोमवारी येतील, तेव्हा त्यांच्या टेबलावर ठेवणार. मी तिला समोर बसवून म्हटलं, "अगं, नाव माझं आहे ना? मग मी म्हणतो, घे." ती खाली बघून म्हणाली, "मामाजी, नाव तुमचं हाये, पन शब्द आत्याबाईले देल्ला होता."

तुझी वहिनी गेली तेव्हापासून या घरात दोन पुरुष होते आणि एक टीव्ही. जेवताना आम्ही बातम्या ऐकायचो, म्हणजे बोलावं लागत नसे. रुपा आली आणि घरात आवाज आला. फोनवर पोरांना झापणार, परातीत फुटाणे आपटणार, वैभवला ऑफसाइड समजावता समजावता वैतागणार. शनिवारपासून घर पुन्हा गप्प आहे. परात भिंतीला टेकवलेली आहे. ती डोक्यावर पदर घेऊन हळू बोलते, वेळेवर चहा देते. मला भीती वाटते, अक्का. सरळच लिहितो. ती काही न बोलता अशीच चांगली सून होऊन राहील, आणि मला ते बघवणार नाही.

तुझ्या शब्दातून तिला मोकळं कर. मला नको, तिलाच कळव, आणि सोमवारच्या आत कळव. रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव. हाक तिनं गोलकीपरला मारली होती, ओ मी दिली.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
केशव


आदिलाबाद,
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,

केशवचा पोटभर नमस्कार. मागच्या पत्रात लिहिलेली खुशाली निम्मी खोटी होती. ही पुरी खरी आहे.

रविवारी सकाळी वैभवच्या फोनवर तुझं नाव आलं तेव्हा मी ओसरीवर चहा घेत होतो. मी घाईनं फोन घेतला, तर तू म्हणालीस, "तुले नाही, तिले दे." बस, एवढंच. ना पत्र पोचल्याचं सांगितलंस, ना शुगरचं. रुपा फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि दार लोटून घेतलं. दाराआडून ऐकायची मला सवय नाही, पण आपलं दार पातळ आहे.

आधी नुसतं "हो आत्याबाई, चुकलं आत्याबाई" चाललं होतं. पुढे तू बोलत असावीस. मग मला तिचं नाक ओढणं ऐकू आलं, आणि म्हटलं, संपलं, रडवलं हिनं पोरीला. आणि मग एकदम बारीक आवाजात, देवाचं नाव घेतल्यागत, "केशव."

त्यावर तू फोनमधून जे ओरडलीस ते मला ओसरीवर ऐकू आलं. "एवढ्यानं तं घरातलं मांजर उठत नाही! गोलातून पोट्टा कसा निंगन? जोरानं घे!"

तिनं पुन्हा घेतलं. तू म्हणालीस, "अजून!" आणि मग तिनं ती मैदानावरची हाक मारली, माझ्याच घराच्या अंगणातून. पत्र्यावरची कबुतरं उडाली. भगवानराव दुकानातून ओरडला, "काय झालं बे? कोनाले बोलावून राह्यली?" आणि मी? मी पुन्हा "ओ!" म्हणालो आणि चहा धोतरावर सांडला. रुपा दार उघडून ओसरीवर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसत होती. माझं धोतर बघून ती आणखी हसली. मीही हसलो. इतके दिवस छातीवर ठेवलेला धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. वैभव काही न कळून आमच्याकडे बघत राहिला. बाईनं घरात येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर परात काढली.

तू तिला काय सांगितलंस ते तिनं मला संध्याकाळी सांगितलं. तिनं आधी विचारलं, सांगू का. मी म्हटलं, सांग. तू तिच्यावर रागावू नकोस.

भाऊजींची बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये गेली हे मला माहीत होतं. सुधाकरराव स्वतःच हसत सांगायचे, घाई नडली म्हणून. आखूड बोटांनी तंबाखू मळत सांगायचे. पण तू त्यांच्या मागे उभी होतीस हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या सदऱ्याची बाही पट्ट्यात ओढली जाताना तू पाहिलीस, आणि तुझ्या तोंडातून फक्त "अवं, अवं, पाहा ना" एवढंच निघालं. मशीनच्या घरघरीत त्यांना वाटलं, तू चहाला बोलावते आहेस. त्यांनी 'येतो' म्हणून मान हलवली आणि हात पुढेच नेला. नाव जिभेवर आलं होतं, असं तू रुपाला सांगितलंस. आलं होतं, पण बाहेर पडलं नाही. नावानं हाक ऐकून ते दचकून वळले असते, असं तुला अजून वाटतं.

"शब्द म्या घेतला होता, म्याच सोडला," असं तू तिला म्हणालीस. "हातचं जाऊन राह्यलं असंन तं नाव घ्याव. मंग पाहिजे तं पाया पडाव."

अक्का, इतकी वर्षं तू हे एकटीनं छातीशी धरून बसलीस. जखमा भरेपर्यंत भाऊजींना भरवलंस, पुढे त्यांच्या सदऱ्याची बटणं लावलीस, आणि लोक म्हणायचे, काय बाई नवऱ्याची सेवा करते. मीही तेच म्हणायचो. मला रडू आलं. तुझ्याजवळ बसायला हवं होतं असं वाटलं. आणि मला हेही कळलं की जिभेवर नाव अडकून पडल्यानं माणसाचं काय जातं, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच तू तिला सोडवलंस.

सोमवारी रुपा प्रिन्सिपलसाहेबांकडे गेली. शिटी गळ्यातच होती. त्यांना म्हणाली, पुढच्या फेरीच्या मॅचला वरंगलला जायला बस चांगली द्या, मागच्या वेळची रस्त्यात तीनदा बंद पडली. साहेब हो म्हणाले. तिनं त्यांना 'तुमी' कसं म्हटलं असेल ते मला दिसतंच.

काल संध्याकाळी मी सरावाला गेलो. उसाच्या गाड्यामागे गेलो नाही. दुकानातली खुर्ची उचलून नेली आणि चुन्याच्या रेघेला लागून टाकली. रसवाला म्हणाला, "आज ताप उतरला वाटते." रुपानं मला पाहिलं. तिचा हात टोपीकडे गेला. मी बघत राहिलो. तिनं टोपी काढली, केस मागे सारले, टोपी उलटी करून पुन्हा घातली आणि ओरडली, "केशव! झोपला का बे?"

सगळ्या पोरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी जीभ दातांखाली धरून बसलो होतो, पण भगवानरावनं माझ्या मांडीवर हात दाबून ठेवला होता, उगाच धोका नको म्हणून. सराव संपल्यावर तो गोलकीपर माझ्या पाया पडला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "ताता, मैदानावर ओ मी देनार, घरी तुमी द्या." मी कबूल केलं. बाकी पोरांना तिनं विचारलं, आता तुमालेही नावानं बोलावू का, तर कोणी तयार नाही. नार्नूर म्हणाला, माह्या नावाचे गावात पन्नास हायेत, गाव म्हटलं का मी एकटाच. प्रज्वलला तर आता होस्टेलातही मुधोळ म्हणतात. तो तुला हे सांगणार नाही.

घरात मी मामाजीच आहे. पदर, चहा, पाया पडणं, सगळं जसंच्या तसं. फक्त काल पोळी वाढताना ती म्हणाली, "मामाजी, तुमी फायनलले झेंडा कोनाचा धरला होता?" मी म्हटलं, खालून दिसला का? ती म्हणाली, "मले तुमी उसाच्या गाड्यामागंबी दिसत होते. टॉवेल आपल्या दुकानचाच होता." म्हणजे मी वर्षभर उगाच घाम गाळला. तरी ती जिंकत होती, हे लक्षात घे. मी समोर नाही असं दोघांनी धरून चालायचं, बहुतेक तेवढं तिला ओरडायला पुरेसं होतं.

वरंगलच्या मॅचला तू चल. भगवानराव जागा धरणार आहे, आणि त्यानं खोकणार नाही अशी शपथ घेतली आहे. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, ते माझ्याकडेही आहे.

आता एक मागतो. धाकटा आहे, मला मागायचा हक्क आहे. भाऊजी गेले तरी तू त्यांना अजून 'प्रज्वलचा आजा' म्हणतेस. मी तुझ्या तोंडून त्यांचं नाव जन्मात ऐकलेलं नाही. एखाद्या दिवशी घरची सगळी शेतावर गेली की फोटोसमोर उभी राहा आणि एकदा घे. त्यांच्या बोटांसाठी आता उशीर झाला, पण तुझ्यासाठी झालेला नाही. हळू घेऊ नकोस. गावानं ऐकलं तर ऐकू दे.

तुझ्या पाठचा,
केशव